रिकाम्या पीसीनं काम मागायचं

हे समोर ओळीनं मांडलेले पीसी बघा, कुणाचं झाकण काढलेलंय, कुणाच्या फॅनमध्ये धूळ बसलीय. सगळे भंगारात चालले होते. सांगलीतल्या एका कॉलेजच्या पोरांनी ते एका नेटवर्क स्विचला, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला जोडले आणि आता त्यांच्यावर कृष्णेच्या पुराचं गणित चालतंय. ही आयडिया काय नवी नाही, 1994 ला नासात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे 16 कॉम्प्युटर जोडून असंच मशीन उभं केलं होतं, बेओवुल्फ नावाचं.

(आयर्विन पूल, पाण्याची पट्टी)
ही पट्टी सांगलीकरांना पाठ आहे. 45 फूट म्हणजे धोका, 2019 ला पाणी 57 च्या पुढं गेलेलं.

आता स्क्रीनकडं या. नदीकाठच्या नकाशाचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक पीसीला सारखे वाटलेत. डावीकडच्याला कोरडं रान आलं, तिथं मोजायला काहीच नाही, त्याचं झटक्यात उरकलं आणि तो बसलाय मोकळा. शेजारच्याच्या वाट्याला नदीचं पात्र, त्याचा फॅन ऐका. पुढच्या मिनिटाचं पाणी मोजायला शेजारच्या चौकोनाचे आकडे लागतात, म्हणून एकापायी सगळे थांबलेत.

बरं, एकदा हिशोबानं वाटून दिलं तरी भागत नाही, कारण पाणी पसरलं की कोरडे चौकोन ओले होतात आणि मगाशी बरोबर असलेली वाटणी चुकायला लागते. म्हणून पोरांनी उलटं केलं. ज्याचं काम संपलं त्यानंच दुसऱ्याकडं मागायचं, कुणाकडं ते रँडम ठरतं, आणि त्याच्याकडं जास्तीचे चौकोन असतील तर त्यातले उचलायचे. यात जो कामात बुडालाय त्याला कुणाला शोधत फिरावं लागत नाही, आणि सगळेच बिझी असले तर कुणी मागतच नाही, नेटवर्क शांत. फक्त चौकोन फार बारीक पाडायचे नाहीत, नाहीतर मोजण्यापेक्षा पाठवण्यातच वेळ जातो.

हे बघा, डावीकडच्या पीसीचा आलेख चढला. मशीन तीच, वायर तीच, बदलली फक्त वाटणी. नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवायच्या आधी प्रत्येक कॉलेजनं एवढं करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

(केबल काढताना हात)
आता मुद्दाम एक पीसी तोडला. त्याच्या चौकोनांची कॉपी शेजारच्याकडं होती, गणित थोडं मागं जाऊन परत चालू झालं.

आणि पुराचा नकाशा लवकर हातात आला, तर गावभागातल्या घरांना सामान वर चढवायला तेवढाच वेळ जास्त मिळेल.