भीमेच्या पलीकडे

सोलापूरहून विजापूरचा रस्ता धरला की तासाभराच्या आत भीमा लागते. पूल ओलांडला की पाट्या कन्नड होतात. शेतात मात्र तीच ज्वारी, तीच तूर, तीच काळी माती. आपण निघालोय विजापूर, बदामी आणि हंपीला. चार दिवस तरी हाताशी ठेवा. दोन दिवसांत उरकणारेही भेटतात, त्यांना फोटो मिळतात.

विजापूर, सरकारी नाव विजयपुरा. गावात शिरायच्या आधीच गोल घुमट दिसू लागतो. ही मुहम्मद आदिलशहाची कबर. शहाजीराजे चाकरीला होते ते याच्याच. तो वारला १६५६ साली, आणि तीनच वर्षांत अफजलखान आदिलशाही फौज घेऊन प्रतापगडाखाली आला. शाळेत शिकलेल्या इतिहासातला ‘शत्रूचा दरबार’ होता तो या शहरात. घुमटाचा बाहेरचा व्यास जवळपास ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सगळा भार भिंतींवर उतरवलाय. वरच्या सज्जात कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं, पण त्यासाठी सकाळी दार उघडताच वर पोचायला हवं. शाळांच्या सहली आल्या की नुसता कल्लोळ.

इथून थेट बुरुजावर चला, मुलूखमैदान तोफ बघायला. ही तोफ विजापूरची नाही. ती ओतली अहमदनगरला, १५४९ साली, निजामशाहीत. पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून ती इथे आली. वजन ५५ टनांच्या घरात. तोंडाशी जरा थांबून बघा. सिंहाचा जबडा वासलेला आहे आणि त्याच्या दातांत चक्क एक हत्ती सापडलाय. एवढं अवजड धूड रस्ते नसताना परांड्याहून इथवर ओढत आणणाऱ्या बैलांचं काय झालं असेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

बागलकोट मागे पडलं की काळा दगड संपतो आणि तांबडा सुरू होतो. बदामी, म्हणजे चालुक्यांची वातापी. तळ्याच्या कडेला तांबड्या कड्यात चार लेणी. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख आहे, त्यामुळे त्याचा काळ नेमका सांगता येतो. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज चुकवू नका. दुपारचं जेवण जवळच्या बनशंकरीला. देवळाबाहेर बायका टोपलीत ज्वारीच्या भाकरी, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलेल्या असतात. हॉटेल शोधायची गरजच नाही.

पट्टदकलला पावसानंतर जावं, मलप्रभेला पाणी असतं. इथलं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवऱ्याने, म्हणजे दुसऱ्या विक्रमादित्याने, कांचीवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ. वेरूळचं कैलास पाहिलेलं असेल तर ओळखीचं वाटेल; ते कोरणाऱ्यांपुढे हेच देऊळ असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

पण या वाटेवर आपल्यासाठी सगळ्यात मोलाची जागा ऐहोळेला आहे, आणि तिथे फारसं कोणी चढत नाही. गावाजवळच्या टेकडीवर मेगुटीचं जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने दुसऱ्या पुलकेशीची संस्कृत प्रशस्ती कोरवली, शके ५५६, म्हणजे इसवी सन ६३४ मध्ये. तीत म्हटलंय, की पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९,००० गावांचा स्वामी झाला. आपल्या मुलखाचा इतका जुना उल्लेख, आणि तो कर्नाटकातल्या टेकडीवर! शेवटी कवी स्वतःला कालिदास आणि भारवीच्या पंक्तीला नेऊन बसवतो. त्याच्या या बढाईचा एक उपयोग झाला: कालिदास ६३४ च्या आधीचा, एवढं तरी पक्कं ठरलं.

हंपीत पुन्हा दगड बदलतो. घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे, एकावर एक रचल्यासारखे. विजयनगरची ही राजधानी १५६५ च्या लढाईनंतर लुटली गेली. जिंकणाऱ्यांत निजामशाही आणि आदिलशाही दोन्ही होत्या. विरूपाक्षाची पूजा अजून चालू आहे. विठ्ठल मंदिरात मात्र गाभारा रिकामा. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ याच आवारात, त्यामुळे गर्दी त्याच्याभोवतीच असते. वारकऱ्यांची परंपरा सांगते, की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे नेला आणि संत भानुदासांनी तो परत आणला. भानुदास म्हणजे एकनाथांचे पणजोबा. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण पंढरपूरकरांना विचारून बघा, त्यांना शंका नसते. मंदिरापर्यंत खासगी गाडी जात नाही, बॅटरीच्या गाडीसाठी रांग लावावी लागते.

परतताना होस्पेटवरून इलकलच्या रस्त्याने या. आपल्या आज्यांची इरकली लुगडी इथली, आणि खण जवळच्या गुळेदगुड्डचे. विणकराच्या घरात खड्ड्यातला माग चालू असेल तर विचारून आत जा. लुगड्याच्या अंगाचे धागे आणि तांबड्या पदराचे धागे वेगळे ताणलेले असतात. एकेका धाग्याचा फासा दुसऱ्यात अडकवून ते जोडतात. घेताना तो जोड उलटा करून बघा, हातमागाचा माल तिथेच ओळखू येतो. भाव कन्नडमध्ये सांगितला तरी घासाघीस मराठीत चालते.