पाणी कुठे थांबतं?

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय आणि तुमच्यापैकी बरेच जण येत्या पंधरवड्यात मोटरसायकलवर घालायचं रायडिंग जॅकेट घ्यायला बाहेर पडणार आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दुकानात गेल्यावर "हे वॉटरप्रूफ आहे का?" असं विचारू नका. उत्तर "हो" असंच येईल आणि बहुतेक वेळा ते खरंही असेल. विचारायचं ते असं: "यात पाणी कुठे थांबतं?"

हा प्रश्न मला वरंधा घाटाने शिकवला. जुलै महिना होता, भोरकडून महाडला उतरत होतो. अंगात चांगलं टेक्स्टाइल जॅकेट, आत चेनने जोडलेला वॉटरप्रूफ लायनर. तासाभराच्या पावसानंतरही आतला शर्ट कोरडा होता. लायनरने आपलं काम चोख केलं होतं, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन गोणपाटासारखं जड झालं होतं. ओल्या कापडावर वारा बसला की अंगातली ऊब खेचली जाते. मी काकडत होतो. ग्लव्ह्जमध्ये पाणी साचलेलं. एका वळणावर समोर म्हशी आल्या, आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोटं वळायला जो वेळ लागला तो मी आजही विसरलेलो नाही.

म्हणजे अंग कोरडं राहिलं तरी माणूस सुरक्षित असतोच असं नाही. पाणी अंगापासून जितकं लांब थांबेल तितकं बरं.

बाजारात मिळणाऱ्या कपड्यांकडे आता या नजरेने बघा. सगळ्यात आतला, काढता-घालता येणारा लायनर स्वस्त पडतो. पण पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवून तो जोडावा लागतो आणि बाहेरचं कापड भिजायचं ते भिजतंच. आपल्या पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाही, मग वास आणि बुरशी. दुसऱ्या प्रकारात पाणी अडवणारा पडदा बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कायमचा शिवलेला असतो. जोडण्याची कटकट वाचते, भिजणं वाचत नाही. तिसरा प्रकार लॅमिनेटचा. यात पडदा थेट बाहेरच्या कापडाला मागून चिकटवलेला असतो, त्यामुळे कापडात पाणी फारसं मुरत नाही. हे उत्तम, पण महाग, आणि उन्हाळ्यात अंगात ठेववत नाही.

या पडद्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण जाहिरातीत सगळा भर त्यावरच असतो. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. गोर-टेक्स तो हाच. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ आपोआप जात नाही. आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दमट असेल, तरच ती बाहेर सरकते. थंड, कोरड्या डोंगरात हे छान जमतं. जुलैत माणगाव-महाडच्या पट्ट्यात बाहेरचीच हवा बाष्पाने गच्च भरलेली असते. तिथे घाम जाणार कुठे? म्हणून केवळ "ब्रीदेबल" या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी आपण कुठे फिरणार आहोत ते बघा. लेह-लडाखला जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि कोकणात उतरणाऱ्याचा वेगळा.

आपल्या भातखाचरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पानं. पाणी सगळ्यात बाहेर थांबतं, वाऱ्यावरच निथळतं आणि खाली हवा खेळती राहते. माझ्या मते सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यासाठी हीच रचना योग्य. आत जाळीचं, चांगल्या पॅडचं जॅकेट आणि त्यावर ढगळ रेनसूट. जॅकेट कोरडं राहतं आणि पाऊस थांबला की रेनसूट झटकून डिकीत टाकता येतो. यालाही पथ्यं आहेत. थेंब पडण्याची वाट न बघता घाटाच्या पायथ्याशीच तो चढवावा लागतो. पँट सायलेन्सरला लागली तर वितळते, म्हणून पोटरीच्या आतल्या बाजूला उष्णता सोसणारं कापड आहे का ते बघा. रंग भडकच घ्या. धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तेवढाच दिसणार आहे. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, मात्र नको. त्याचं टोक गाडीच्या चेनमध्ये जाऊ शकतं.

आता आकड्यांकडे. लेबलवर 5,000 किंवा 10,000 मिलिमीटर लिहिलेलं असतं. म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं. पण ही चाचणी कापडाची असते. गळतात त्या शिवणी, कारण सुईचं प्रत्येक टोचण हे एक भोक असतं. कपडा उलटा करा आणि आतून प्रत्येक शिवणीवर टेप आहे का ते बोट फिरवून बघा. सगळ्यात आधी पाणी शिरतं ते बुडाखाली. टाकीवरून ओघळलेलं पाणी मांडीत साचतं आणि वरून तुमच्या वजनाचा दाब असतो. ज्या पँटच्या चार शिवणी नेमक्या तिथे मिळतात ती घेऊ नका.

लेबलवर डेनिअर हा आकडाही दिसेल, पण त्याचा पावसाशी संबंध नाही. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. त्यावरून धाग्याचा जाडेपणा कळतो.

कोरडं राहण्याच्या नादात कपड्याचं मूळ काम, म्हणजे पडल्यावर अंग वाचवणं, विसरू नका. ओल्या रस्त्यावर आपण घसरतो. कपड्यावर ईएन 17092 हे युरोपियन मानक आणि त्याचा वर्ग बघा. एएए सर्वांत मजबूत, मग एए, मग ए. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडवर ईएन 1621-1 आणि पाठीच्या पॅडवर ईएन 1621-2 ही पॅडची मानकं छापलेली हवीत. नुसत्या फोमच्या तुकड्यावर विसंबू नका.

घरी आणल्यावर कपडा सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका. त्याने कापडावरचं पाणी झटकणारं लेपन निकामी होतं. रेनसूट ओला घडी करून माळ्यावर टाकलात तर दमट उष्णतेत आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो आणि सालपटासारखा सुटतो. तो पुन्हा लावता येत नाही.

शेवटचं एक काम, पावसाच्या आधी. फिकट निळा सुती शर्ट आणि तशाच रंगाची पँट घाला, त्यावर रेनसूट, हातात ग्लव्ह्ज, आणि बाथरूममध्ये स्टुलावर गाडीवर बसतो तसे बसा. हात पुढे, शॉवर चालू, पंधरा मिनिटं. ग्लव्ह्ज एकदा बाहीच्या आत घालून बघा, एकदा बाहीवरून. तुमच्या हँडलच्या उंचीला काय बरं पडतं ते तिथेच कळेल. मग रेनसूट उतरवा. सुती कापडावर जिथे गडद डाग दिसेल, त्याच्या वरच्या शिवणीवर खडूने खूण करा आणि बदलून देण्याची मुदत संपण्याआधी तो तसाच दुकानात घेऊन जा.