बावन्न वजा सत्तावीस

[दृश्य : द्राक्षबाग, सकाळ. कात्रीचा आवाज.]

दिंडोरी तालुका. ऑक्टोबर छाटणी ऐन भरात. दिवस उजाडल्यापासून कात्र्या चालतात आणि पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांचा खच ओळीओळीत पडतो. बऱ्याचशा बांधावर जातात, काही चुलीत. मूठभर शाळेत येतात.

[दृश्य : शाळेची पडवी. टबात काड्या.]

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोन खोल्या. तिसरीच्या मॅडमनी काड्या आधी दोन पाण्यांतून धुतल्या, कारण बागेवर फवारे होत असतात. मग वाळवल्या, वीतभर कापल्या. दहा काड्यांची एक मोळी, तिला रबर. मोळी म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. सामान एवढंच. खर्च म्हणाल तर रबरांचा.

[दृश्य : फळा. ५२ − २७.]

सोमवार. बहुतेक पाट्यांवर उत्तर एकच : ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे मुलांनी इमानेइतबारे पाळलंय. मॅडम चूक म्हणत नाहीत. पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवतात. ‘‘सत्तावीस दे मला.’’

निळ्या रिबिनीची मुलगी दोन मोळ्या पटकन देते. दोन सुट्याही देते. अजून पाच हव्यात. ती मोळीकडे बघते, मॅडमकडे बघते. शेजारचा पुटपुटतो, ‘‘रबर काढ ना.’’ ती काढत नाही. मॅडमनी बांधलेलं आपण कसं सोडायचं?

[इथे निवेदन नाही. तिचे हात.]

रबर निघतं. दहा काड्या बसकरावर पसरतात. पाच मॅडमच्या हातात. उरल्या दोन मोळ्या, पाच सुट्या.

आमच्या वेळी याला ‘शेजाऱ्याकडून उसना आणला’ म्हणायचे. उसना आणलेला कधी परत केल्याचं मात्र आठवत नाही. इथे म्हणतात, दशक सुटा केला. आणि तो सुटा होताना दिसतो.

[दृश्य : पाटी, जवळून.]

आता उत्तर लिहायचं. पंचवीस. ती लिहिते ५२.

यात तिचा एकटीचा दोष नाही, थोडा मराठीचाही आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतात, लिहायचे मात्र नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! बोलले सगळे मोठे. मॅडम त्या वादात पडत नाहीत. मोळ्या डावीकडे सरकवतात, सुट्या उजवीकडे, आणि तोंडाने पंचवीसच म्हणतात. मुलगी पाटी पुसते. आधी बाहीने, मग थुंकीने.

मंगळवार, बुधवार, काड्याच.

[दृश्य : पातेलं, वाफ, खिचडी.]

गुरुवारी काड्या कपाटात. पोषण आहाराचा तांदूळ मुलामागे शंभर ग्रॅम. आज मोजदाद तिसरीकडे. पटावर ४३, गैरहजर ८. बोटं हलतात, ओठ हलतात. उत्तर पुन्हा ३५. या वेळी बरोबर. स्वयंपाकाच्या ताई काट्यावर साडेतीन किलो तोलतात आणि पोरं काट्याची सुई अशी बघतात, जणू तांदूळ त्यांनीच पिकवलाय.

गैरहजर आठांतली पाच पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला आलेल्या कुटुंबांतली. काम पुढच्या गावाला सरकलं, मुलंही गेली.

[दृश्य : फळ्याच्या वर रंगवलेली अक्षरं.]

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान, मुदत २०२६-२७. हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या मोहिमेचं ध्येय. शुक्रवारी त्याच फळ्याखाली तेरापैकी नऊ पाट्या बरोबर.

[दृश्य : शनिवार. सकाळची शाळा. दप्तरं नाहीत.]

आज मोळ्या परत बांधायच्या. गलका फार, कारण रबर ताणून मारायला मिळतं. मॅडम दोनदा ओरडतात, तिसऱ्यांदा हसतात.

निळ्या रिबिनीची मुलगी भिंतीशी बसून मोजते. नऊ. पुन्हा मोजते. नऊच. रबर मनगटात अडकवते आणि बसकर उचलून खाली बघते.