सक्रिय कोळशाची पूड : पोकळ्यांचे सामर्थ्य

[दृश्य : दोन काचपात्रे, दोन्हींत निळे द्रावण]

पडद्यावर दिसणाऱ्या दोन्ही काचपात्रांत मेथिलिन ब्ल्यू या रंगद्रव्याचे सारख्याच तीव्रतेचे द्रावण आहे. डाव्या पात्रात साध्या लाकडी कोळशाची बारीक पूड टाकली जात आहे, तर उजव्या पात्रात तेवढ्याच वजनाची सक्रिय कोळशाची. दोन्ही मिश्रणे सारखाच वेळ ढवळून गाळणकागदातून गाळली जात आहेत. डावीकडे निथळणारे पाणी थोडे फिके झाले असले तरी निळेच आहे. उजवीकडच्या पाण्यातून मात्र मागे धरलेल्या कागदावरची अक्षरे स्पष्ट वाचता येतात. या दोन पुडींमधील फरक रंगात नाही आणि बारीकपणातही नाही. तो भट्टीत घडतो, आणि म्हणूनच आमचा कॅमेरा सर्वाधिक वेळ भट्टीपाशीच थांबला.

[दृश्य : करवंट्यांचा ढीग, भट्टीचे तोंड]

लाकूड, भुसा, पीट, लिग्नाइट, दगडी कोळसा अशा कर्बयुक्त पदार्थांपासून सक्रिय कोळसा तयार करता येतो. येथे वापरलेली नारळाची करवंटी कठीण आणि घट्ट असते, तिच्यात राखेचे प्रमाण कमी असते आणि तिच्यापासून अतिशय सूक्ष्म छिद्रांचा कोळसा मिळतो. पहिल्या टप्प्यात करवंट्या हवा जवळजवळ तोडून साधारण 400 ते 600 अंश सेल्सिअस तापमानाला तापवल्या जातात. त्यांतील पाणी, डांबरासारखी द्रव्ये आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात व मूळ वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका कोळसा उरतो. भट्टीतून निघणारा हा दाट धूर तसाच मोकळा सोडला तर परिसराची हवा बिघडते. तो गोळा करून जाळला, तर त्याच्याच उष्णतेवर पुढचे काम काही प्रमाणात भागते. या टप्प्यावरच्या कोळशात छिद्रे असतात, परंतु त्यांपैकी बरीच डांबराच्या अवशेषांनी बुजलेली असतात.

[दृश्य : फिरती भट्टी, आतील लाल उजेड]

खरे सक्रियीकरण येथे होते. उष्णतारोधक विटांचे अस्तर असलेली ही लांब, किंचित कलती भट्टी संथपणे फिरत असते, आणि वरच्या टोकाकडून आत आलेला कोळसा हळूहळू खालच्या टोकाकडे सरकत जातो. आत 800 ते 1000 अंश तापमान राखून पाण्याची वाफ सोडली जाते. या तापमानाला वाफ आणि कर्ब यांची अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात, म्हणजेच कोळशाच्या दाण्यातून कर्बाचे अणू एकामागून एक खरवडून काढले जातात. वाफेऐवजी मुबलक हवा आत गेली असती, तर दाणा बाहेरून जळत जाऊन नुसता लहान झाला असता. वाफेची अभिक्रिया त्या मानाने संथ असल्यामुळे वाफेला दाण्याच्या अंतर्भागात शिरायला अवधी मिळतो. ती बुजलेल्या वाटा मोकळ्या करते, असलेल्या रुंद करते आणि नव्या पाडते. ही अभिक्रिया उष्णता खाणारी आहे, त्यामुळे भट्टीचे तापमान उतरू न देणे हे येथे अखंड चालणारे काम आहे.

लांब दांड्याच्या पळीने भट्टीतून नमुना काढणाऱ्या या कामगाराकडे लक्ष द्यावे. नमुना थंड झाल्यावर तो मोजपात्रात ठरावीक खुणेपर्यंत भरला जातो आणि त्याचे वजन केले जाते. तेवढ्याच आकारमानाचा कोळसा जितका हलका भरेल, तितकी त्याच्या आत पोकळी अधिक झाली असे समजतात. सक्रियीकरण अपुरे राहिले तर छिद्रे बंद राहतात. ते फार पुढे गेले तर छिद्रांमधील भिंती नाहीशा होऊन लहान छिद्रांची मोठी भगदाडे होतात आणि दाणा हाताच्या दाबानेही चुरडतो. या दोहोंमधला नेमका क्षण ओळखणे हेच या कारागिरीचे मर्म आहे, आणि आमच्या मते त्याची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी होत नाही.

लाकडाचा भुसा फॉस्फरिक आम्लात भिजवून तुलनेने कमी तापमानाला तापवण्याची दुसरी, रासायनिक पद्धतही प्रचलित आहे. तिच्यातून अधिक रुंद छिद्रांचा कोळसा मिळतो आणि मोठ्या आकाराचे रंगीत रेणू पकडण्यासाठी तो उपयोगी पडतो.

[दृश्य : पाण्यात पडणारे कोरडे दाणे, समीप चित्रण]

कोरडे दाणे पाण्यात पडताच त्यांच्या अंगावरून बुडबुड्यांच्या बारीक साखळ्या वर येऊ लागतात. पाणी आत शिरत असताना छिद्रांतून बाहेर ढकलली जाणारी ही हवा आहे. दाण्यातील सर्वांत बारीक छिद्रांची रुंदी दोन नॅनोमीटरपेक्षाही (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कमी असते, आणि छिद्रांच्या भिंतींचे एकूण क्षेत्रफळ एका ग्रॅममागे साधारण 500 ते 1500 चौरस मीटर भरते. एवढे क्षेत्रफळ कोळसा बारीक दळल्यामुळे मिळते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सुमारे 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या एक ग्रॅम पुडीतील सगळ्या कणांचा बाहेरचा पृष्ठभाग एकत्र केला, तरी तो एक चौरस मीटरसुद्धा होत नाही. उरलेले सारे क्षेत्रफळ आतले आहे. दळल्याने घडते ते एवढेच, की बाहेरच्या रेणूला आतल्या छिद्रापर्यंत जाण्यासाठी कमी अंतर तोडावे लागते, आणि म्हणून पूड दाण्यांपेक्षा वेगाने काम करते.

छिद्रात शिरलेला रेणू कर्बाच्या भिंतीला दुर्बल आकर्षणबलांनी चिकटून राहतो. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. अरुंद छिद्रात रेणूला दोन्ही बाजूंच्या भिंती ओढतात, त्यामुळे तेथे पकड अधिक घट्ट बसते. पाण्यात सहज न विरघळणारे, वलयाकार रचनेचे सेंद्रिय रेणू कोळसा चांगले धरतो. मीठ, पाण्याला जड करणारे कॅल्शियमचे क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र त्याच्या हाती जवळजवळ लागतच नाहीत. क्लोरीनची गोष्ट वेगळी आहे. मुक्त क्लोरीन कोळशाशी रासायनिक अभिक्रिया करून क्लोराइडच्या रूपात पाण्यात उरते आणि तिचा वास नाहीसा होतो.

[दृश्य : कापून उघडलेला जुना वायुरोधक मुखवटा]

कोळशाचा हा गुण विज्ञानाला फार पूर्वीच दिसला होता. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी 1773 मध्ये कोळसा वायू धरून ठेवतो हे नोंदवले, तर सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञांना 1785 मध्ये कोळशामुळे टार्टारिक आम्लाच्या द्रावणाचा तपकिरी रंग उतरल्याचे आढळले. वाफेने सक्रियीकरण करण्याचे पेटंट ओस्त्रेय्को यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी घेतले, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा वापर सुरू झाल्यावर मुखवट्यांच्या डब्यांसाठी या कोळशाची मागणी एकाएकी वाढली. डब्यातील हे काळे दाणे त्याच काळातील आहेत.

[दृश्य : जलशुद्धीकरण केंद्र, काळी लापशी पाण्यात मिसळताना]

जलाशयात शेवाळ माजले की पाण्याला मातीचा, कुबट वास येऊ लागतो. त्याला बहुतांशी कारणीभूत असलेले जिओस्मिन हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही माणसाच्या नाकाला जाणवते. अशा वेळी पूड पाण्यात कालवून तिची लापशी प्रवाहात सोडली जाते. मात्रा लिटरला काही मिलिग्रॅमपासून काही दशक मिलिग्रॅमपर्यंत असते. पण मात्रेइतकेच महत्त्व पुडीला मिळणाऱ्या अवधीला असते, म्हणून ती शक्य तितक्या आधी मिसळावी लागते. तिच्यापाठोपाठ लगेच क्लोरीन टाकली, तर दोन्ही एकमेकांवरच खर्च होतात. पुढे पाणी निवळण्यासाठी टाकलेल्या तुरटीच्या पुंजक्यांत अडकून ही पूड तळाशी बसते आणि उरलेली वाळूच्या थरात गाळली जाते. येथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी : कोळसा जंतू मारत नाही. उलट फार दिवस न बदललेल्या घरगुती गाळणीच्या कोळशावर जंतूंचे थर वाढू शकतात. साखरेच्या पाकाचा, खाद्यतेलाचा आणि औषधी द्रावणांचा रंग उतरवण्यासाठीही हीच पूड वापरली जाते.

[दृश्य : रुग्णालय, पाण्यात कालवलेली काळी पूड]

विषबाधेच्या काही प्रसंगी डॉक्टर ही पूड पाण्यात कालवून रुग्णाला देतात. प्रौढांसाठी मात्रा बहुधा 50 ग्रॅमच्या आसपास असते. पोटात असलेले औषध रक्तात उतरण्याआधीच धरून ठेवणे हे तिचे काम असल्यामुळे, विष घेतल्यापासून पहिल्या तासाभरात ती सर्वाधिक उपयोगी ठरते. मद्य, लोह, लिथियम, तीव्र आम्ले व अल्कली यांवर तिचा उपयोग नाही, आणि शुद्ध हरपत चाललेल्या व्यक्तीच्या फुप्फुसांत ती गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून हा उपचार घरी करून पाहण्याचा नाही. निरोगी माणसाने ‘शरीरशुद्धी’साठी ती खाण्याला आधार नाही, नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास त्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि दातांवर घासल्यास दातांचे कवच झिजण्याचा धोका असतो.

[दृश्य : पुडीची पोती, टाकीचे झाकण]

पूड हवाबंद ठेवावी लागते, कारण उघडी राहिल्यास ती आसपासच्या वाफा व वास धरून आपली छिद्रे वापरून टाकते. तिचा धुरळा श्वासात जाऊ नये म्हणून हे कामगार नाकतोंड झाकून काम करतात. ओला सक्रिय कोळसा बंद टाकीतील प्राणवायू ओढून घेतो आणि हवा न तपासता आत उतरलेल्या माणसाचा त्यात मृत्यू होऊ शकतो.

[दृश्य : वापरलेले दाणे पुन्हा भट्टीत]

छिद्रे भरली की कोळशाचे काम थांबते. दाणेदार कोळसा पुन्हा सुमारे 800 अंशांपर्यंत तापवून वाफेच्या साहाय्याने मोकळा करता येतो. अडकलेले सेंद्रिय पदार्थ तेथे जळून किंवा विघटित होऊन निघून जातात आणि त्यांचे वायू स्वच्छ करूनच बाहेर सोडावे लागतात. दर फेरीत थोडा कोळसाही जळतो व झिजतो, त्याची भरपाई नवे दाणे घालून केली जाते. पाण्यात सोडलेली पूड मात्र बहुतेक ठिकाणी परत मिळवली जात नाही. ती तुरटीच्या गाळाबरोबर बाहेर पडते आणि तिने पकडलेले सारे त्या गाळात जाते. त्यामुळे गाळाची विल्हेवाट कशी लावायची, हे पूड वापरायला सुरुवात करण्याआधीच ठरवावे लागते.