वाट बंद आहे, पण कोणती?

[पहाट. कॅमल्स बॅक पार्कच्या मागची टेकडी. गवतावर गोठलेलं दंव.]

जानेवारीतली सकाळ. अमेरिकेच्या आयडाहो राज्याची राजधानी, बॉइसी. शहराची शेवटची गल्ली संपते तिथेच टेकड्या सुरू होतात, आणि त्यांच्यावर तीनशेहून जास्त किलोमीटर लांबीच्या पायवाटांचं जाळं आहे. चालणारे, पळणारे, कुत्री फिरवणारे, घोडेस्वार सगळे इथे येतात. माउंटन बाइकवाले तर भरपूर.

आत्ता तापमान शून्याच्या खाली आहे. टायरखालचा आवाज ऐका.

[तीन सेकंद फक्त आवाज.]

माती दगड झालीय. यावरून शंभर सायकली गेल्या तरी ओरखडा उठणार नाही.

[तीच जागा, तोच कोन. साडेअकरा.]

आणि ही तीच वाट, साडेतीन तासांनंतर.

उन्हाने वरची दोन बोटं माती सुटली आहे, खालची अजून घट्ट गोठलेली. वितळलेल्या पाण्याला मुरायला जागा नाही. ते वरच्या थरातच अडकतं आणि लगदा होतो. काळ्या रानातून पावसानंतर सायकल ढकललेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. चाकाला माती धरते, चिमट्यात गच्च बसते, गिअरमध्ये शिरते आणि शेवटी सायकल खांद्यावर येते.

सायकल धुता येते. वाटेचं तसं नाही.

[कडेने, जमिनीलगत कॅमेरा. वाटेचा आडवा छेद.]

चांगली वाट दरीच्या अंगाला किंचित झुकवलेली असते. उतार शंभराला पाच, म्हणजे मीटरभर रुंदीला जेमतेम पाच सेंटिमीटर. चालताना तो जाणवतही नाही, पण पाणी आडवं होऊन निघून जातं. ओल्या मातीत चाकाची चरी पडली की हा हिशोब बिघडतो. चरीच्या कडेला मातीचा बारीक वरंबा उठतो आणि पाण्याची बाहेरची वाट बंद होते. मग ते चरीतूनच उतारभर धावतं. रात्री चरी तशीच गोठते, दुसऱ्या दिवशी आणखी खोल होते, आणि वसंतातल्या पावसात तिची घळ होते. चिखल चुकवायला लोक कडेच्या गवतातून जातात, तेव्हा अर्ध्या मीटरची वाट बघता बघता दोन मीटरची होते. खरं तर चिखल लागलाच तर मधूनच जावं. बूट खराब होतात, वाट रुंदावत नाही.

[नकाशा. जमिनीच्या मालकीचे वेगवेगळे रंग.]

या टेकड्यांची मालकी ठिगळांच्या गोधडीसारखी आहे. एक तुकडा शहराचा, पुढचा केंद्राच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, वरचा राष्ट्रीय वनाचा, मध्येच राज्याच्या वन्यजीव खात्याचा. सायकलवाल्याला एका फेरीत तीन मालकांची हद्द लागते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. वाट बंद असल्याची आपापली सूचना प्रत्येक खात्याने लावली असती तर कुणी काही वाचलं नसतं.

म्हणून १९९२ साली ‘रिज टू रिव्हर्स’ हा भागीदारीचा कार्यक्रम सुरू झाला. बॉइसी शहर, एडा काउंटी, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, बॉइसी राष्ट्रीय वन आणि आयडाहोचं वन्यजीव खातं यांनी मिळून नकाशा एक केला, पाट्यांचा साचा एक केला आणि प्रत्येक वाटेला क्रमांक दिला. क्रेस्टलाइन अठ्ठावीस, लोअर हल्स गल्च एकोणतीस, पोलकॅट लूप एक्याऐंशी. क्रमांक ही फार साधी गोष्ट वाटते. पण फोनवर ‘ती ओढ्याकडची वाट’ म्हणण्यापेक्षा ‘एकोणतीस बंद’ म्हटलं की वाद उरत नाही.

[मूठभर वाळू. शेजारी मूठभर चिकणमाती, ओली.]

या दोन मुठी एकाच टेकडीवरच्या आहेत. खालच्या टेकड्या म्हणजे प्राचीन सरोवराचा गाळ, कुठे वाळू तर कुठे चिकणमाती. वर चढत गेलं की ग्रॅनाइट झिजून झालेली भरड माती लागते. वाळूच्या वाटेवर पावसानंतर सायकल चालवली तर बिघडत नाही, उलट ती ओलीच बरी दबते. चिकणमातीची वाट मात्र दोन-दोन दिवस हात लावू देत नाही. उताराची दिशाही बघावी लागते. दक्षिणेकडे तोंड असलेली वाट सकाळी लवकर सुटते आणि लवकर वाळते, उत्तरेची सावलीत बर्फ धरून बसते.

अशा ठिकाणी ‘सर्व वाटा बंद’ अशी एकच पाटी ठोकणं हा आळस आहे. पहिल्या दिवशी लोक ऐकतात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वाळूच्या वाटेवर जाऊन बघतो, ती खडखडीत असते, आणि त्या दिवसापासून पाटीवरचा विश्वास उडतो.

[फोनच्या पडद्यावर वाटांची स्थिती.]

इथे हिवाळ्यात वाटांच्या स्थितीची बातमी रोज दिली जाते, संकेतस्थळावर आणि फेसबुकवर. ती कामाची ठरायची तर चार गोष्टी हव्यात. कोणती वाट, किती वाजेपर्यंत, कशामुळे, आणि तिच्याऐवजी कुठे जायचं.

चौथी गोष्ट बहुतेक कार्यालयं विसरतात. सुट्टीच्या दिवशी गाडीवर सायकल चढवून निघालेला माणूस ‘बंद’ वाचून घरी परतत नाही, तो शेजारची वाट धरतो. ती शेजारची वाट कोणती, हे तुम्ही सांगितलं नाही तर तो स्वतः ठरवतो. बॉइसीत नदीकाठचा सुमारे चाळीस किलोमीटरचा ग्रीनबेल्ट आहे, रॉकी कॅन्यनचा कच्चा रस्ता आहे. बंदीच्या सूचनेत ही नावं असलीच पाहिजेत.

आणि सूचना वेळेत हवी. सकाळी सहाला निघणाऱ्याला नऊची बातमी काय कामाची? ‘आज सकाळी गोठलेलं आहे, दहाच्या आत खाली उतरा’ हे आदल्या रात्रीच्या तापमानावरून बरंचसं सांगता येतं. घड्याळ मात्र ढगांच्या मर्जीवर चालतं, म्हणून इथल्या रायडरांना एक खूण शिकवलेली असते. मागे वळून बघा. ठसा उमटत असेल तर परत फिरा.

[पाटी. वारा. फडफडणारा कागद.]

आता पाट्या. पाटी दोन्ही टोकांना हवी, मधल्या प्रत्येक फाट्यावर हवी, आणि त्याआधी पार्किंगमध्ये, सायकल रॅकवरून उतरायच्या आत दिसेल अशी. चार किलोमीटर चढून आल्यावर भेटलेली पाटी कुणी मानत नाही, आणि त्यात माणसाचा दोष कमीच. खांब लवचिक फायबरग्लासचा असला तर धक्का लागून मोडत नाही. कागद लॅमिनेट केला तरी कापलेल्या कडेतून पाणी शिरतं, म्हणून कापताना चारी बाजूंनी बोटभर प्लास्टिक सोडायचं. लाल शाई उन्हात सगळ्यांत आधी उडते. ‘बंद’ हा शब्द लाल रंगात छापला, तर महिन्याभरात पाटीवर बाकीचा सगळा मजकूर उरतो आणि नेमका तोच जातो. तो काळ्यातच छापावा. तारीख मार्करने लिहायची असेल तर ती लॅमिनेशनच्या आत.

ॲपची गंमत वेगळी. ट्रेलफोर्क्ससारख्या वाटांचे नकाशे दाखवणाऱ्या ॲपवर वाटेला ‘बंद’ अशी खूण लावता येते, नकाशावर ती वाट लाल होते. पण डोंगरात रेंज नसते म्हणून लोक नकाशा आधीच उतरवून ठेवतात. पंधरा दिवसांपूर्वी उतरवलेल्या नकाशाला कालची बंदी माहीत नसते. म्हणून ॲप आलं तरी खांब काढता येत नाही.

[लोअर हल्स गल्च. वळणावरून उतरणारी सायकल, मग रिकामी वाट, मग चालत येणारे लोक.]

बंदी चिखलामुळेच येते असं नाही. एकोणतीस नंबरची ही वाट दरीतून जाते, अरुंद, आंधळ्या वळणांची. सम तारखेला ती फक्त उतरणाऱ्या सायकलींची. विषम तारखेला उतरत्या सायकली बंद. तेव्हा चालणारे, घोडेस्वार आणि सायकलने चढणारे येतात. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीत सेंटेनियल कोन पार्कलाही शनिवार-रविवारी सम तारीख सायकलींची आणि विषम चालणाऱ्यांची. तिथल्याच बोल्डर काउंटीने बेटासोच्या वाटांवर तारखेऐवजी वार धरला आहे, बुधवार आणि शनिवार सायकलींना बंद.

तारीख की वार? वार लक्षात राहतो. तारखेत आठवड्याचे दिवस आळीपाळीने दोघांच्या वाट्याला येतात, कायमचा शनिवार कुणाचाच जात नाही. तिची एक खोड आहे, एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम. चालणाऱ्यांना लागोपाठ दोन दिवस मिळतात आणि पाठ केलेला क्रम मोजत आलेला सायकलवाला पाटीपाशी उभा राहतो. म्हणून पाटीवर नुसतं ‘एक दिवसाआड’ लिहून चालत नाही, ‘सम तारीख’ असंच लिहावं लागतं.

[टेबल रॉक. जळलेला उतार, मग कोवळी झुडपं.]

बंदीचं आणखी एक कारण आग. २०१६च्या जूनअखेरीस फटाक्यांमुळे बॉइसीलगतच्या टेबल रॉक टेकडीचा उतार जळाला, सुमारे एक हजार हेक्टर. झुडपं पुन्हा लावली गेली. बंद वाटेवर शिरणाऱ्याला दंड होऊ शकतो.

[संध्याकाळ. वाटेचं खालचं टोक. हातमोजे घातलेले हात खांबावरची पट्टी कापतात.]

चार दिवस ऊन पडलं. अंगठा दाबून बघितला, माती दबली नाही. संकेतस्थळावर ही वाट दुपारीच उघडी झाली. खालची पाटी उतरली.

वरच्या टोकाला अजून एक आहे. तिथे पोचायला तासभर लागतो.

[कर्मचारी सायकलवर बसतो, चढ सुरू.]