सव्वातीन विती

(दृश्य : सकाळ. रुळांमध्ये वाढलेल्या बाभळी, पलीकडे कापूस फुटलेली पराटी.)

आबा खाली बसतात. एका रुळापासून दुसऱ्या रुळापर्यंत वीत टाकत जातात. एक, दोन, तीन, आणि वर थोडं. "सव्वातीन," ते नातीला सांगतात. रेल्वेच्या कागदावर हीच रुंदी अडीच फूट अशी लिहिलेली असते.

ही शकुंतला, अरुंद रुळांची छोटी रेल्वे. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ 113. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून मँचेस्टरला जावा, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारात हे रूळ पडले. कापूस तिकडे गेला आणि तिकडून इंजिन आलं. 1921 साली मँचेस्टरला घडलेल्या त्या वाफेच्या इंजिनानं 1923 पासून 1994 पर्यंत या भागात गाडी ओढली. नंतर डिझेल आलं.

(दृश्य : उघडं फाटक. गंजलेली साखळी, जवळून.)

फाटक आलं की गाडी थांबे. गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पार झाली की उघडी आणि धावत येऊन चढे. तिकिटं गार्ड देई. अचलपूर गाठायला चार तास लागत. आबा सांगतात, "पोट्टे चालत्या गाडीतून उतरत, बोरं तोडत, अन् मागच्या डब्यात चढत."

गाडी बंद झाली आणि बाजार, शाळा, दवाखाना, सगळंच एसटीवर आलं. भाडं वाढलं.

(दृश्य : ओसरी. शाळेचा नकाशा, वही, मोबाइल.)

शकुंतला गावाशेजारून जायची, पण नात तिच्यात कधी बसली नाही. यंदा तिला छोट्या गाडीत बसवायचं, असं घरानं ठरवलंय. दार्जिलिंगची गाडी 1881 ची. भारतातल्या डोंगरी रेल्वेंपैकी जागतिक वारसा यादीत पहिली गेली ती हीच, 1999 साली. पण जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतात. कालका-शिमला मार्गावर 102 बोगदे आहेत. नातीनं आकडा वहीत लिहिला, आबांनी थंडीचं नाव काढलं आणि गुडघे चोळले. निलगिरीच्या गाडीवर सगळ्यांचं मन बसलं होतं. तिथं चढावर इंजिनाचं दातेरी चाक रुळांमधल्या दातेरी पट्टीत अडकतं आणि गाडी तशी पायरी-पायरीनं वर जाते. ती पुढच्या वर्षी, कापसाला भाव मिळाला तर.

राहिलं माथेरान. नेरळपासून सुमारे 21 किलोमीटर, आदमजी पीरभॉय यांनी 1907 साली सुरू केलेली गाडी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज स्टेशन हा घाट बंद असतो, म्हणून डिसेंबर धरला. कापसाचा एक वेचा घरात आलाय, तूर अजून उभी आहे. त्यामधले चार दिवस या घराला सापडतात. सूनबाईंनी शनिवार-रविवार आधीच खोडले, कारण मुंबईची गर्दी असते आणि डबे मोजकेच. मूर्तिजापूरहून रात्रीची मुंबई गाडी, पहाटे कल्याण, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, आणि उतरल्या उतरल्या तिकिटाच्या रांगेत. सोबत दशम्या आणि ठेचा.

(दृश्य : रात्र. मूर्तिजापूर स्टेशन. दिव्याखाली कुटुंब, मागे अंधारात शकुंतलेचे रूळ.)

शकुंतला ब्रॉडगेज व्हावी, ही मागणी जुनी आहे आणि रास्तच आहे. रोजच्या माणसाला वेगाची गाडी हवी. पण मूर्तिजापूरजवळ चार-पाच किलोमीटर तरी हे अरुंद रूळ राखता येतील, आणि त्यावर दोन डबे चालवता येतील. छोटी गाडी पाहायला या लेकराला रात्रभर प्रवास का करावा लागतो?

(दृश्य : घाट. जुम्मापट्टी, वॉटर पाइप ही स्टेशनं. वळणावर खिडकीतून दिसणारं आपल्याच गाडीचं इंजिन. नातीचा चेहरा. निवेदन नाही.)

(दृश्य : माथेरान स्टेशन. रिकामी गाडी.)

सगळे उतरून पुढे गेलेत. आबा मागेच थांबलेत. फलाट बुटका आहे. ते काठी नातीच्या हाती देतात, खाली बसतात आणि वीत टाकतात. एक, दोन, आणि वर थोडं.

"पावणेतीनच," ते म्हणतात. "आपली मोठी होती, माय."