झेंडूला पाणी मारू नका! दसऱ्याआधी हारवालीचं ऐका

नमस्कार मंडळी. माझ्या मागे हा जो झेंडूचा कट्टा, म्हणजे पोतं, दिसून राहिला, तो आज पहाटे नागपूरहून आला. अजून त्याचं तोंड सोडलं नाही. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घेते, नाहीतर एकदा सुई हातात घेतली की दिवस कुठं जातो ते कळत नाही.

महालक्ष्म्या झाल्यापासून एकच प्रश्न येऊन राहिला. “ताई, आदल्या दिवशी झेंडू आणला, रात्री मस्त होता, सकाळी बुडाशी काळा.” “ताई, तोरण बांधता बांधता पाकळ्या गळाल्या.” “ताई, फुलांना वास मारतो.” मी प्रत्येकाला उलट एकच विचारते, पाणी मारलं होतं का? आणि उत्तर कसं येतं, मोठ्या अभिमानानं! “हो ना, चांगलं शिंपडलं आणि पिशवीत घट्ट बांधून ठेवलं.”

बाप्पा रे.

तर आज हाच विषय. दसरा तोंडावर आहे. घराला तोरण लागेल, ट्रॅक्टरला हार लागेल, थ्रेशरला लागेल, दुकानाच्या तराजूला लागेल. एकाच दिवशी सगळ्यांना झेंडू पाहिजे, म्हणून सगळे आदल्या दिवशीच घेतात, आणि म्हणून सगळ्यांचा आदल्या रात्रीच सडतो.

हार ओवायचा कसा, ते मी आज सांगत बसणार नाही. दोरा दुहेरी घ्या, खाली गाठ मारा, पहिलं फूल आडवं बांधा म्हणजे बाकीची सरकत नाहीत. सुई फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या वाटीच्या मधोमध घाला, पाकळ्यांतून नाही. झालं. याचा व्हिडिओ आधीच आहे, तो बघा.

आता मुद्द्याचं.

(झेंडूचं फूल कॅमेऱ्याजवळ.) हे बघा. तुम्ही याला एक फूल म्हणता. हे एक फूल नाही, हा शंभर-दीडशे बारक्या फुलांचा गुच्छ आहे, आणि तो या हिरव्या वाटीत बसवलेला आहे. वरून पाणी मारलं की ते पाकळ्यांवरून घसरून थेट वाटीत उतरतं. वर पाकळ्या इतक्या दाट, की ते पाणी परत बाहेर येत नाही, वाळतही नाही. रात्रभर तिथंच. म्हणून काळं पडायची सुरुवात बुडापासून होते. तुम्हाला वरून फूल केशरी दिसतं आणि उचललं की मुठीत पाकळ्या.

माझे सासरे, आम्ही मामंजी म्हणतो, त्यांनी एस. टी. स्टँडसमोर हातगाडीपासून सुरुवात केली. आज चार खोक्यांची आमची हारवाल्यांची रांग आहे, त्यातलं पहिलं त्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही वाटायचं, फूल आहे तर पाणी पाहिजेच. मामंजी म्हणाले, “पोरी, या फुलाले तोंड कुठं हाय पाणी प्यायले?”

बस्, सगळं याच्यात आलं. गुलाब घ्या, गुलछडीची काडी घ्या, जरबेरा घ्या, त्यांना देठ आहे. देठ म्हणजे त्यांचं तोंड. खालून तिरपा काप द्या, खालची पानं काढा, पाण्यात उभं करा, पिईल. आणि झेंडू आपण कसा आणतो? देठ खुडून. मग वरून ओतलेलं पाणी तो पिणार कुठून? तो फक्त भिजतो. पिणं वेगळं, भिजणं वेगळं.

एवढं मामंजींनी सांगूनसुद्धा मी माझी अक्कल चालवलीच. पहिलं मोठं लग्न मिळालं होतं, बाजूच्या गावचं. चाळीस किलो झेंडू. मामंजी त्या दिवशी शेगावला गेले होते, थंडीचे दिवस होते, पण मला वाटलं बंद खोलीत फुलं सुकतील. संध्याकाळी बादलीभर पाणी शिंपडलं, वरून ताडपत्री टाकली, चारही बाजूंनी विटा ठेवल्या. वाऱ्याची झुळूक आत जाऊ दिली नाही, इतकी काळजी! पहाटे चारला ताडपत्री उचलली तर आतून वाफ निघाली. खरी वाफ. हात घातला तर फुलं कोमट. चाळीसातले पंधरा किलो कसेबसे निघाले. मग ह्यांना उठवलं, आंब्याची पानं तोडून आणायला लावली, आणि मांडवाच्या दाराला पानं जास्त, फुलं कमी असं तोरण लावलं. नवरीचे मामा येऊन म्हणाले, “वा, काही वेगळंच केलं!” मी मान खाली घालून बसले. आजकाल तसंच तोरण नागपूरचे डेकोरेशनवाले ‘ग्रीन थीम’ म्हणून लावतात, ते जाऊ द्या.

आता एका दादांची कमेंट आहे, तीन व्हिडिओंखाली तीच. “ताई, तुम्ही काहीही सांगता. नागपूरच्या मार्केटला सगळे पाणी मारतात, ते काय वेडे आहेत?”

नाही दादा, ते वेडे नाहीत. सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटला मी दहा वर्षं जाऊन राहिली. तिथं पाणी मारणारा ते फूल तासा-दोन तासांत विकून मोकळा होतो. त्याला ते रात्रभर ठेवायचं नाही, ते तुम्हाला ठेवायचं आहे. पाणी मारलं की माल चमकतो. आणि दुसरं एक कारण आहे, ते जरा हळू सांगते: ओला झेंडू वजनाला जास्त भरतो. वाटीत साचलेल्या पाण्याचेही पैसे तुम्हीच देता. म्हणून मी फूल घेताना दोन-चार फुलं तळहातावर उलटी करून झटकते. पाणी उडालं की भाव कमी करायला लावते, नाहीतर पुढच्या पाटीकडे. सगळेच असे नाहीत. कोरडा माल देणारेही आहेत, त्यांच्याकडे मी उधारीशिवाय जाते आणि दोन रुपये जास्त देते.

अजूनही पटत नसेल तर फुलं सोडा, सोयाबीन घ्या. सोयाबीन काढून गंजी लावली आणि परतीचा पाऊस आला. तुम्ही ओली गंजी तशीच ताडपत्रीनं आवळून ठेवली. दोन दिवसांनी हात घालून बघा! गरम लागते ना? वास येतो, बुरशी धरते. तेव्हा तुमच्याच घरचे आबाजी ओरडतात, “अरे, हवा लागू दे तिले!” तोडलेलं फूलसुद्धा जिवंत असतं, श्वास घेत असतं, त्यातून उष्णता निघते. पसरून ठेवलं तर ती उडून जाते, ढीग केला तर आतच राहते. त्यात ओल मिळाली की बुरशीचं जेवण तयार. शेतकऱ्याच्या घरात सोयाबीनला हा न्याय, आणि झेंडूला मात्र घट्ट पिशवी?

ज्यांना कोणाचंच पटत नाही त्यांच्यासाठी या दोन ताटल्या. काल संध्याकाळी सातला मांडल्या. एकाच पाटीतली दहा-दहा फुलं. ही ताटली कोरडी, उघडी, खाली वर्तमानपत्र. आणि या दुसरीतली फुलं भिजवून पिशवीत बांधली होती. आता मी दोन्ही उलट्या करते. (दोन्ही ताटल्या कॅमेऱ्यासमोर.) कोरड्यातलं एक फूल जरा मऊ झालं, बाकी नऊ खणखणीत. आणि हे... हे बघा, बोट लावलं की निसटलं. वास तुम्हाला येत नाही हे तुमचं नशीब.

मग करायचं काय? फूल घरी आलं की पिशवीतून लगेच काढा. बारदाना किंवा कागद अंथरा, सावलीत दोन फुलांच्या वर थर नको. ओलं आलं असेल तर पंखा लावा. शेतातून स्वतः तोडत असाल तर दव वाळल्यावर तोडा. फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत आतून थेंब धरतात, म्हणजे पाणी तुम्ही मारलं नाही तरी पिशवीनं मारलं.

आता लगेच कोणीतरी लिहील, “मग मोगऱ्याला ओलं फडकं का घालता?” बरोबर प्रश्न आहे. मोगरा आम्ही कळीचा घेतो, तो आपल्या मे महिन्यात, जेव्हा बाहेर पंचेचाळीस अंश असतात. ती नाजूक कळी एका दुपारीत कागदासारखी होते. म्हणून फडकं भिजवून पिळायचं, चांगलं पिळायचं, आणि त्यात गुंडाळायचं. किंवा पळसाच्या पानात. कळीला गारवा द्यायचा असतो, अंघोळ नाही. आणि तो गजरा संध्याकाळी डोक्यात जाणार असतो, त्याला सकाळ बघायची नाही.

थोडं विषयांतर करते. पुण्या-मुंबईच्या फ्लोरल आर्टिस्टच्या रील फिरून राहिल्या आहेत. बरेच जण विचारतात, “ताई, तुमच्या तालुक्यात असं कोणी आहे का?” आहे ना. आमच्या रांगेत तिसऱ्या खोक्यात एक काका बसतात. ते झेंडूचं झुंबर करतात, वरून खाली सात थेंब सोडलेलं, मोजमाप न घेता. कोणत्याही मांडवात लावा, मधोमध येतं. त्यांच्याकडे कार्ड नाही, पेज नाही, त्यांना कोणी आर्टिस्ट म्हटलं तर ते मागे वळून बघतील की कोणाला म्हटलं. फरक इतकाच, की शहरातला माणूस डिझाइनचे पैसे घेतो आणि आमचा माणूस फुलांचे घेतो. डिझाइन फुकट. मला याचा राग येतो, पण काकांना येत नाही.

आणि आमच्या धंद्याची एक गोष्ट रीलमध्ये कधी दिसत नाही. रात्री दोनला शटर वाजलं तर लग्नवाला नसतो. मैतीचं सामान पाहिजे असतं. ह्यांनी आजवर कधी “सकाळी या” म्हटलं नाही. त्या हाराचा भाव कोणी विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. देतील ते घेतो. म्हणून दुकानात कायम पाच-सात किलो फूल ठेवावं लागतं, आणि म्हणूनच ते रात्रभर कसं टिकवायचं हे मला शिकावं लागलं. हौसेनं नाही शिकले.

अजून एक मजेशीर कमेंट. “जरबेरा-कार्नेशन ही परदेशी थेरं, आपलं पारंपरिक फूल म्हणजे झेंडू.” दादा, रागावू नका, पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे. तिथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो, त्यात झेंडूच झेंडू. गुलछडीही तिकडचीच. शेवंती चीनकडची. आपल्याकडची म्हणाल तर कमळ आहे, पारिजातक आहे, आणि आपल्या रानातला पळस आहे, ज्याला होळीनंतर कोणी विचारत नाही. पण चारशे-पाचशे वर्षं दारात आहे म्हटल्यावर झेंडू घरचाच की. माझी सूनबाई पण बाहेरूनच येणार.

शेवटचा एक प्रश्न घेते, हिरव्या स्पंजचा. त्या फोममध्ये फुलं लावली तर दुपारीच माना टाकतात म्हणतात. कारण तुम्ही फोम पाण्यात दाबता. दाबला की आत हवा अडकते, मधला भाग कोरडा राहतो आणि ज्याचा देठ तिथं गेला तो उपाशी. पाण्यावर नुसता सोडा, आपोआप बुडू द्या, वरून धार धरू नका. पण माझं विचाराल तर तो आणूच नका. त्याचा चुरा कुजत नाही, नाल्यात जातो. केळीचा खांब आडवा कापा, त्यात देठ खुपसा. आतून ओला असतो, दिवसभर पुरतो, संध्याकाळी गुरं खातात. महालक्ष्म्यांसमोर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच आहे.

शेवंती श्रावणात इतकी महाग का, ते राहिलंच. शेवंतीला रात्र मोठी लागते, थंडी जवळ आली की ती आपसूक फुलते, त्याआधी बाजारात थोडीच येते... थांबा हं, गिऱ्हाईक आलं.

या काका. ट्रॅक्टरला का? पाच हाताचा करू की सात? उद्या नेणार असाल तर उद्याच बनवते, आज नको.